आज वार कोणता?

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. सदतीस वर्षे मध्य रेल्वेच्या गाड्यांच्या शेपटाला उभे राहून ह्यांनी हिरवा बावटा दाखवला. २०२२ साली रेल्वेने गार्डाचे ‘ट्रेन मॅनेजर’ असे नवे बारसे केले; पण तोवर ह्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती, आणि आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडी गार्ड तो गार्डच राहिला. कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या गाड्यांच्या वेळा ह्यांच्या जिभेवर असत. थोरल्याच्या मुंजीचा मुहूर्त गुरुजींनी नऊ सत्तावीसचा काढला, तेव्हा हे गंभीरपणे म्हणाले होते, “दोन मिनिटं लेट धरा. आपली मंडळी वेळेवर सुटत नाहीत.”

अशा माणसाने २०२१ च्या पावसाळ्यात एके दिवशी भाजी आणायला जावे आणि दोन तासांनी रिकामी पिशवी घेऊन परत यावे! वर माझ्यावरच राग. “मंडई हलवलीन्‌, आणि मला कुणी सांगितलं नाही.” मंडई जिथल्या तिथे होती. हललेले दुसरेच काहीतरी होते, हे मला त्याच दिवशी कळले. पण ते तोंडाने म्हणायला मला आणखी आठ महिने लागले. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, पण त्या आठ महिन्यांत नेमका शब्द मला सापडत नव्हता. शेवटी डॉक्टरांनी जर्मन शब्द दिला. आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरने १९०६ साली एका बाईच्या मेंदूत काय पाहिले, ते जगाला सांगितले. पुढे हे दुखणे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

औषध आहे का? आहे आणि नाही. मेंदूतल्या निरोपानिरोपीला थोडा टेकू देणारी गोळी १९९६ पासून मिळते. ती हे घेतात. रोगाच्या मुळाशी हात घालणारे औषध मात्र जगभर शोधले जाते आहे, आणि ते माणसांवर तपासून पाहिल्याशिवाय कळायचे कसे? २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या डॉक्टरांनी विचारले, “मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात चाचणी चालू होते आहे. नाव घालू का?”

मी ‘घाला’ म्हणाले. हे म्हणाले, “पास मिळेल का?”

संमतिपत्र चांगले वीस-बावीस पानांचे होते आणि मराठीत होते, म्हणजे मराठी लिपीत होते. ‘यादृच्छिकीकरण’ ह्या शब्दाशी मी, मराठीची मास्तरीण, पाच मिनिटे झटापट केली. त्या बिचाऱ्या कोऑर्डिनेटर मुलीने एका वाक्यात उलगडा केला, “आजी, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तश्शीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, ते आम्हांलाही ठाऊक नसतं.” हे एवढेच छापायला काय हरकत होती? नव्या औषधाची चाचणी असली आणि माणूस स्वतःची बाजू पुरती सांभाळू शकत नसला, तर संमतीचे चित्रणही करून ठेवायचे, असा २०१९ च्या सरकारी नियमांचा दंडक आहे. कॅमेऱ्यासमोर ह्यांनी सही केली आणि सवयीने पुढे वेळ टाकली, ९-४२. मुलगी हसली, म्हणाली, “ह्यांना वेळ बरोबर कळतेय की!” ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती लिहिली होती. वार विचारल्यावर मात्र हे माझ्याकडे पाहू लागले.

आता ह्या चाचणीचा दिनक्रम ऐका. पहिल्या सहा महिन्यांत अकरा फेऱ्या. रक्त उपाशीपोटी द्यायचे, तेही साडेआठच्या आत. म्हणजे पहाटे साडेचारला उठायचे, पावणेसहाची लोकल पकडायची, दादरला पूल ओलांडून गाडी बदलायची आणि पुढे रिक्षा. शहात्तरीकडे झुकलेल्या माणसाला बिनचहाचे न्यायचे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना सांगायला नको. जाण्यायेण्याचे पैसे इस्पितळ देई, त्याबद्दल तक्रार नाही. टॅक्सी करा, असेही म्हणाले. एकदा केली, पण घाटकोपर येईतो ह्यांनी तीनदा दार उघडायचा प्रयत्न केला. टॅक्सीला ना सिग्नल, ना स्टेशन. गाडी कुठे थांबणार ते ह्यांना कळेना. लोकलमध्ये मात्र हे शांत बसत. अट एकच, शेवटच्या डब्यात बसायचे.

पाचव्या फेरीला दादरला उतरलो आणि गर्दीत ह्यांचा हात माझ्या हातातून सुटला. हे पुलाकडे न जाता उलट दिशेला, गाडीच्या टोकाला चालू लागले. मी हाका मारीत धावले आणि पुलाच्या पहिल्याच पायरीला अडखळून पडले. मनगट मोडले. मला उचलणाऱ्या दोन मुलांना मी सांगत होते, “मला सोडा, त्यांना धरा.” हे गार्डाच्या केबिनपाशी उभे होते. आतला तरुण गार्ड खाली वाकून ह्यांच्याशी बोलत होता. गाडी तोवर त्याने सोडली नव्हती. त्या मुलाचे नाव मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी ती लोकल दोन मिनिटे लेट झाली असेल, तर त्याचा दोष आमच्याकडे आहे.

प्लास्टरमधल्या हाताने मी ह्यांना नेऊ शकत नव्हते. मुलगा बेंगळुरूला, सून नोकरीला. दोन फेऱ्या चुकल्या. मग त्या मुलीचा फोन आला. तिला रडू येत होते, की मलाच तसे वाटले, कोण जाणे. “आजी, नियम आहे हो. लागोपाठ दोन चुकल्या की नाव काढावं लागतं.” मी रागावले नाही. आम्हांला खरी गोळी मिळत होती की खोटी, हेच मुळी ठाऊक नव्हते. तेव्हा काय गमावले ह्याचा हिशेब तरी कसा मांडणार? पण रात्री झोप येईना. औषध म्हाताऱ्यांसाठी, चाचणी म्हाताऱ्यांची, आणि ती पार पाडायची तर पाय तरुणाचे हवेत!

तेव्हापासून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागले. नातीने मदत केली. हा प्रश्न एकट्या डोंबिवलीचा नाही, हे पाहून वाईट वाटले आणि जरा बरेही वाटले.

२०२३ साली अमेरिकेने मान्य केलेल्या लेकॅनेमॅब ह्या औषधाचेच पाहा. त्याची मोठी चाचणी १,७९५ माणसांवर झाली. दर पंधरा दिवसांनी इस्पितळात जाऊन शिरेतून औषध घ्यायचे, असे अठरा महिने. म्हणजे जवळजवळ चाळीस फेऱ्या. शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतो आहे काय, हे पाहायला अधूनमधून एमआरआय. फळ काय, तर रोग थांबला नाही, उतरण थोडी मंदावली. अठरा गुणांच्या मापावर ०.४५ चा फरक पडला. कुणी ह्याला मोठा विजय म्हणतात, कुणी नाक मुरडतात. माझे लक्ष दुसरीकडेच गेले. त्या मंडळींचे सरासरी वय होते एकाहत्तर. ह्या रोगाची खरी गर्दी ऐंशीच्या पुढे असते! अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मग आपल्याकडच्या २३७ माणसांना चाचणीच्या अटी लावून पाहिल्या. सगळी माणसे सौम्य आजाराची, मेंदूत रोगाची खूण असलेली. सर्व अटींतून पार पडली ती अवघी १९. बाकीच्यांना रक्तदाब होता, हृदयविकार होता, आणखी काहीबाही होते. म्हणजे म्हातारपण होते.

अटी उगाच नसतात, हे मलाही कळते. अशक्त माणसाला जोखमीत घालू नये म्हणूनच त्या असतात. पण मनगट मोडण्याची जोखीम कुठल्या पानावर लिहिलेली असते?

जिथे संशोधक उठून माणसांकडे गेले, तिथल्या कहाण्या मला फार आवडल्या. डेव्हिड स्नोडन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १९८६ पासून जोगिणींच्या मठांत जाऊ लागला. पंचाहत्तरीपुढच्या ६७८ जोगिणींनी त्याला दरवर्षी आपली स्मरणशक्ती तपासू दिली आणि मरणानंतर आपला मेंदूही देऊ केला. जे काही शोधले ते त्या बायकांच्या राहत्या मठांत जाऊन. ती औषधाची चाचणी नव्हती खरी. पण ऑस्ट्रेलियात ॲस्पिरिनची जी मोठी चाचणी झाली, ती तर औषधाचीच होती. अमेरिकेतली धरून १९,११४ वृद्ध. त्यांतले ऑस्ट्रेलियातले सोळा हजारांवर लोक त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांमार्फत सामील झाले, आणि रक्ताचे नमुने गोळा करायला एक मोटारगाडी हिंडत असे. २०१८ साली निष्कर्ष आला की, धडधाकट म्हाताऱ्यांना रोजची ॲस्पिरिन उपयोगी पडत नाही. नकारार्थीच, पण ‘नाही’ हे उत्तर खात्रीने मिळायलाही एवढी माणसे लागतात. अमेरिकेत आणखी एका चाचणीत २,२६२ वृद्धांना गोळ्या टपालाने घरी गेल्या आणि स्मरणशक्तीची परीक्षा वर्षातून एकदा टेलिफोनवर झाली. घरच्या खुर्चीत, घरच्या चहाचा कप हातात!

अर्थात परीक्षा घरी आली म्हणजे ती आपली झाली, असे नाही. प्रश्नपत्रिका कुणाची, हेही पाहावे लागते. स्मरणशक्तीची जी परीक्षा जगभर चालते, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा. आता जी आजी शाळेतच गेली नाही, तिने वाक्य काय लिहावे? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली ह्या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच सोडवला; त्यांची हिंदी परीक्षा १९९५ साली प्रसिद्ध झाली. सकाळ आहे की दुपार, असे विचारायचे. वाक्य लिहायच्या ऐवजी, “आपल्या घराविषयी काहीतरी सांगा.” हा बदल वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. घराविषयी विचारले तर माझ्या शेजारच्या निरक्षर आजी तासभर बोलतील.

पण मनात घर करून राहिली ती गोव्याची चाचणी. १९९८ साली कोचीनला जगभरचे काही डॉक्टर जमले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केले. नाव ठेवले, ‘दहा-सहासष्ट’. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रोगी गरीब देशांत, आणि ह्या रोगावरच्या संशोधनातला १० टक्के वाटाही त्यांच्या पदरात पडत नाही; म्हणून हे नाव. नावातच फिर्याद! ह्या मंडळाशी जोडलेल्या डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत चाचणी केली, आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली. तपासायचे होते ते औषध नव्हते, तर माणूस होता. घरोघर जाणारा साधा, स्थानिक बोली बोलणारा, शिकवून तयार केलेला सल्लागार. पंधरा दिवसांतून निदान एकदा तो रोग्याच्या घरी जाई, असे सहा महिने. घरच्यांना रोग समजावून सांगे, आंघोळीला नकार दिला तर काय करावे, रात्री उठून हिंडू लागले तर काय करावे, ह्याच्या युक्त्या शिकवी, सरकारी मदत कुठे मिळते ते सांगे. पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. चिठ्ठ्या इथेही टाकल्या होत्या. एकूण ८१ कुटुंबे, त्यांतल्या ४१ जणांकडे सल्लागार लगेच गेला, ४० जणांना आधी नुसती माहिती दिली आणि सहा महिन्यांनी त्यांची पाळी आली. मला ही रीत आवडली. खोटी गोळी नाही, फक्त रांग.

५९ कुटुंबांनी ती चाचणी पुरी केली. अठरा वृद्ध मध्येच वारले. हा आकडा कुणी लपवला नाही आणि लपवूही नये. इतक्या थकलेल्या माणसांपर्यंत पोचायचे, तर मरणही वाटेत भेटणारच. सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण मात्र स्पष्ट कमी झाला, हे सिद्ध झाले. रोग्यांच्या वागण्यातही थोडा फरक दिसला, पण तो खात्रीने सांगण्याइतका नव्हता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

आणखी एक. ह्या चाचणीच्या आधी, २००१ साली, विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स ह्यांनी गोव्यातल्या लोकांना विचारले होते की, म्हातारी माणसे अशी का होतात? रोग म्हणून कुणी पाहतच नव्हते. कुणी म्हणे वय झाले, कुणी म्हणे मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली. हे वाचताना माझे कान तापले. पहिले आठ महिने मी गप्प का बसले, त्याचे कारणच तिथे छापलेले होते. ‘बायकोचं लक्ष नाही’ असे चाळीत म्हणतील, हीच ती भीती. चाळ कधीच पडली आणि तिथे सात मजली इमारत उभी राहिली. भीती मात्र तशीच जिना चढून वर आली.

देशभरच्या ४,०९६ वृद्धांची तपासणी करून संशोधकांनी २०२३ साली अंदाज प्रसिद्ध केला, की साठीपुढच्या शंभरांत सात-साडेसात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना हा आजार आहे. ह्या सगळ्यांना आपण दादरचा पूल चढायला लावणार आहोत काय?

माझ्या मनात एक किंतु आहे, तोही सांगून टाकते. इस्पितळात नको वाटले तर माणूस पुढच्या खेपेला जात नाही, संपले. घरी आलेल्याला मात्र आपण चहा विचारतो. एकदा चहा विचारलेल्या माणसाला “उद्यापासून येऊ नका” म्हणणे आपल्याला जमते का? मला तरी जमत नाही. शिवाय एमआरआयचे यंत्र काही जिन्यावरून वर चढत नाही, आणि पिशवी घेऊन येणारी मुलगी कुणाकडे जाते, हे सगळ्या इमारतीला कळते. घरी येणारी चाचणी म्हणजे सगळेच गोड, असे मी म्हणणार नाही.

तरी यंदा आषाढात आमच्या भागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची माणसे आली, तेव्हा मी दार उघडले. गोव्यासारखाच प्रकार, घरच्यांना शिकवून काही फरक पडतो का, ते पाहायचे. ह्या वेळचे संमतिपत्र चार पानांचे होते आणि त्यात ‘चिठ्ठी’ हाच शब्द होता. मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ह्यांनी सही केली. वेळ टाकली नाही. दोन वर्षांत इतके उतरले आहे.

आमच्याकडे येते ती मुलगी कल्याणची. पंधरा दिवसांनी गुरुवारी येते. पहिल्या दिवशी ह्यांनी तिला दारातच तिकीट विचारले. तिने पर्स उघडून खरोखर पास दाखवला, आणि तेव्हापासून तिला घरात मुक्त संचार आहे. तिने मला शिकवले, की “आठवत नाही का?” असे विचारूच नये. ह्यांना आंघोळीला “चला” म्हणण्याऐवजी मी आता “ड्यूटीवर जायचंय” म्हणते. दहांतल्या सहा दिवशी साधते. माझ्या झोपेचाही हिशेब ती वहीत ठेवायला लावते. गेल्या चार वर्षांत माझ्या झोपेची चौकशी करणारी ती पहिली.

दर तीन महिन्यांनी ह्यांची परीक्षाही होते. त्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून ठेवायची असते, नाहीतर ती कॉपी होते. दसऱ्यानंतरच्या परीक्षेची गोष्ट. मी दिनदर्शिका काढून पलंगाखाली सरकवली. ह्यांना आरामखुर्चीत बसवले. तिने कागद काढून विचारले, “आजोबा, आज वार कोणता?”

मुंबईच्या इस्पितळात ह्या प्रश्नाला पाचही खेपांना शून्य मिळाले होते. हे थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. ओट्यावर पातेल्यात साबुदाणा भिजत पडला होता.

“गुरुवार,” हे म्हणाले. “हिचा उपास.”

त्या मुलीची पंचाईत झाली. दिनदर्शिका काढायची असे नियमांत आहे. साबुदाण्याविषयी काही लिहिलेले नाही. गुण द्यावा की न द्यावा? तिने तिथूनच आपल्या वरिष्ठ बाईंना फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ बोलणे चालले. शेवटी तिने कागदावर गुण मांडला आणि समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिले. काय लिहिलेस, म्हणून मी विचारले. म्हणाली, “ते नाही सांगता येत, आजी.”

पुढच्या परीक्षेला बुधवारी येईन, म्हणाली. हे तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेले. ती खाली उतरून फाटकाबाहेर पडेपर्यंत उजवा हात वर धरून उभे होते.